घर बंद करण्याचा ठराव

भारतातील नातेवाइकांशी दूरध्वनीवर बोलताना एक वाक्य हमखास कानी येते : “तुमच्याकडे काय, सगळे सरकारच बघते.” मी गेली ५२ वर्षे इंग्लंडमधील एका मध्यम आकाराच्या गावात राहते, आणि त्यांपैकी अलीकडची आठ वर्षे डिमेन्शिया झालेल्या पतीच्या सोबतीत गेली आहेत. त्यामुळे हे वाक्य ऐकले की मी क्षणभर गप्प होते. ते खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे.

येथे माणसाचा पाय मोडला किंवा त्याला कर्करोग झाला, तर राष्ट्रीय आरोग्य सेवा उपचार करते आणि इस्पितळाचे बिल घरी येत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला अंघोळ घालणे, भरवणे, मध्यरात्री दार उघडून तो रस्त्यावर जाऊ नये म्हणून जागे राहणे, ही कामे मात्र बहुतेक वेळा ‘आरोग्य’ या सदरात बसत नाहीत. ती ‘सामाजिक काळजी’ या सदरात जातात आणि ते सदर सांभाळते स्थानिक कौन्सिल, म्हणजे आपल्याकडच्या महापालिकेसारखी निवडून आलेली संस्था. तेथे माणसाची गरज पाहिली जाते, तशी त्याची शिल्लकही पाहिली जाते. एकाच मेंदूचा आजार. पण त्यातला कोणता त्रास कोणत्या खात्याचा, यावरून कुटुंबाचे पुढचे आयुष्य ठरते. मला ही विभागणी कधीच पटलेली नाही.

तिची मुळे जुनी आहेत. १९४८ साली आरोग्य सेवा सुरू झाली, त्याच वर्षी गरिबांसाठीचा जुना कायदा रद्द झाला आणि निराधार वृद्धांसाठी निवासगृहे चालवण्याचे काम कौन्सिलांकडे आले. पुढे १९९० च्या कायद्याची अंमलबजावणी १९९३ मध्ये झाल्यावर कौन्सिले स्वतः गृहे चालवण्याऐवजी खासगी चालकांकडून जागा विकत घेऊ लागली. आज बहुसंख्य केअर होम खासगी आहेत. कौन्सिलने स्वतः चालवलेली जी थोडी गृहे उरली, त्यांपैकी एकात माझे यजमान तीन वर्षे राहिले.

यजमान गणिताचे शिक्षक. बालपण वाईत, कृष्णेच्या घाटावर गेलेले. इकडच्या शाळेत त्यांनी २८ वर्षे इंग्रजीतून बीजगणित शिकवले. आजार वाढत गेला तसे त्यांचे इंग्रजी आधी अडखळू लागले आणि मग जवळजवळ नाहीसे झाले; मराठी राहिली. उशिरा शिकलेली भाषा आधी सुटते आणि आईची भाषा अधिक काळ टिकते, असा अनुभव परदेशी स्थायिक झालेल्या अनेक वृद्धांच्या घरी येतो. ज्या नर्सला काल ‘थँक यू’ म्हटले, तिला आज ‘पंचा कुठे ठेवला गं’ असे विचारणारा माणूस तिच्या लेखी असंबद्ध बोलत असतो. तो असंबद्ध बोलत नसतो, तो पंचा शोधत असतो.

२०१४ च्या केअर ॲक्टनुसार ज्याला मदतीची गरज आहे असे दिसते, त्याच्या गरजांची पाहणी करणे कौन्सिलवर बंधनकारक आहे. त्याच्याजवळ पैसा किती आहे, हा प्रश्न त्यानंतरचा. देखभाल करणाऱ्या व्यक्तीचीही स्वतंत्र पाहणी मागता येते; ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. आमच्याकडे समाजसेविका आली त्या दिवशी यजमानांनी तिला उठून नमस्कार केला, खुर्ची दिली आणि प्रत्येक प्रश्नावर हसून मान डोलावली. शिक्षकी पेशातला माणूस. पाहुण्यांपुढे वर्ग नीट ठेवण्याची सवय जाईल कशी? अर्ध्या तासाच्या भेटीत त्यांच्यासारखा समजूतदार गृहस्थ दुसरा दिसला नसता. मी तिच्यापुढे वही ठेवली. तिच्यात मागील १४ रात्रींची नोंद होती : किती वाजता उठले, कोठे गेले, गॅस उघडला का, कपडे किती वेळा बदलावे लागले, मी सलग किती झोपले. तिने ती वही सावकाश वाचली आणि मग फक्त मला एक प्रश्न विचारला, “तुमचे वय काय?” मी तेव्हा ७३ वर्षांची होते. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना मी आवर्जून सांगेन की पाहणीला येणाऱ्याला आठवणीतून हकीकत सांगण्यापेक्षा तारीखवार लिहिलेला कागद द्यावा. तो पुढे प्रत्येक बैठकीत आपल्या आधी पोहोचतो.

दुसरी अडचण भाषेची. २००५ च्या मानसिक क्षमता कायद्यात असे आहे की माणसाला स्वतःचा निर्णय घेता येत नाही असे ठरवण्यापूर्वी त्याला समजेल अशा रीतीने विचारण्याचे सगळे शक्य प्रयत्न झाले पाहिजेत. म्हणून मी दुभाष्याची मागणी केली. कौन्सिलने तत्परतेने एक सज्जन पाठवले. ते गुजराती निघाले. (येथील कार्यालयांना आपण सगळे भारतीय एकाच वाड्यात वाढलो असे वाटते.) पुढच्या खेपेस दूरध्वनीवरून मराठी दुभाषी बाई मिळाल्या. यजमानांनी पहिला प्रश्न त्यांनाच केला, “आपण कोकणातल्या का?” नंतर कोठे राहायला आवडेल असे विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे बोट करून सांगितले, “हिच्याजवळ.” त्यांना निर्णयाचा सगळा अर्थ कळत नव्हता, हे अहवालात आले. पण हा शब्दही, इंग्रजी अर्थासह, अहवालात आला. कायद्याप्रमाणे माणसाची क्षमता गेली तरी त्याच्या इच्छेचा विचार करावाच लागतो, आणि विचार करायला ती कागदावर असावी लागते.

पैशाचे थोडक्यात सांगते. इंग्लंडमध्ये रुग्णाच्या नावावर २३,२५० पौंडांहून अधिक शिल्लक असेल तर निवासाचा खर्च त्याने स्वतः करायचा. ती १४,२५० च्या खाली गेली की शिल्लक विचारात घेत नाहीत, उत्पन्न मात्र घेतात. पत्नी घरात राहत असेल तर राहते घर मोजले जात नाही आणि नोकरीच्या निवृत्तिवेतनाचा अर्धा भाग तिच्यासाठी सोडता येतो. कौन्सिल खर्च उचलू लागली की रुग्णाच्या हाती आठवड्याला सुमारे ३० पौंड उरतात. त्यातून यजमानांचे केस कापणे, मोजे आणि खोबरेल तेल भागत असे.

त्या काळात त्यांना वाईला घेऊन जावे, असे माझ्या मनात फार होते. भाषा, ऊन, मऊ भात, सगळे तेथे होते. धाकट्या दिरांनी सातारा आणि पुणे भागात चौकशी केली. अनेक वृद्धाश्रमांची पहिली अट अशी की येणाऱ्या व्यक्तीला स्वतःचे प्रातर्विधी स्वतः करता आले पाहिजेत. डिमेन्शियासाठीची खास केंद्रे होती, ती खासगी, आणि खर्च पूर्णपणे कुटुंबाचा. भारतात २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने राज्य शासनांना प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असे एक तरी गृह टप्प्याटप्प्याने काढण्यास सांगितले. पण कायद्याची भाषा ‘काढता येईल’ अशी आहे, ‘काढलेच पाहिजे’ अशी नाही. येथील कौन्सिलवर मी पुष्कळ रागावले आहे. तरी पाहणी करून घेण्याचा आणि नकाराचे लेखी कारण मागण्याचा हक्क मला होता. दिरांनी कोणाचे दार ठोठवायचे? आम्ही येथेच राहिलो.

ते गृह जुने होते. खोल्या लहान, संडास खोलीबाहेर, भिंती १९७० च्या सुमाराच्या विटांच्या. पण व्हरांडा वर्तुळाकार होता. चालत राहिले की माणूस पुन्हा आपल्याच खोलीपाशी येई, बंद दारावर आदळत नसे. संध्याकाळ झाली की डिमेन्शियाच्या रुग्णांना जी तगमग होते, तिच्यात यजमान त्या व्हरांड्यात दहा-दहा फेऱ्या घालत. संडासाचे दार गडद पिवळे रंगवलेले होते. तेथे केरळची एक परिचारिका होती. तिला मराठी येत नव्हती. पण तांदळाची पेज म्हणजे काय आणि ती आजारी माणसाला का द्यायची, हे तिला समजवावे लागले नाही. यजमान चमच्याशी झगडतात आणि हाताने नीट जेवतात, हे तिनेच प्रथम ताडले. बाहेरच्या दाराला आकड्यांचे कुलूप होते. येथे असे कुलूप आणि सततची देखरेख म्हणजे स्वातंत्र्यावर बंधन मानतात, आणि त्यासाठी कौन्सिलची लेखी परवानगी लागते. ती एका वेळी जास्तीत जास्त वर्षभराची असते. दर वर्षी बाहेरचा परीक्षक येऊन हे बंधन खरोखर आवश्यक आहे का, ते पाहतो. आपल्याकडे कित्येक घरांत आजोबांना बाहेरून कडी घातलेली मी पाहिली आहे. नाइलाज असतो, हे मी जाणते. पण कोणी वर्षातून एकदा येऊन विचारावे, एवढे मात्र वाटते.

तिसऱ्या वर्षी शरद ऋतूत पत्र आले. इमारतीची दुरुस्ती परवडत नाही, खोल्यांना संलग्न न्हाणीघर नाही, सबब हे गृह बंद करून रहिवाशांची खासगी गृहांत सोय करण्याचा ‘प्रस्ताव’ असून बारा आठवडे मते मागवली आहेत. त्या एका शब्दावर आम्हा नातेवाइकांची पहिली बैठक अर्धा तास अडली. प्रस्ताव, की निर्णय?

तेव्हा मी जे वाचले ते असे. मते मागवायची तर ती निर्णय व्हायच्या आधी मागवावीत, लोकांना विचार करता येईल एवढी कारणे आणि वेळ द्यावा, आणि आलेल्या मतांचा मनापासून विचार करावा, ही तत्त्वे लंडनमधील ब्रेंट कौन्सिलविरुद्ध शाळा बंद करण्यावरून झालेल्या १९८५ च्या खटल्यात मांडली गेली. २०१४ मध्ये येथील सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पॅमेला कॉफलन यांचा खटला तर आमच्या बैठकीत सर्वांच्या तोंडी होता. अपघाताने अपंग झालेल्या या बाईंना एक्सेटरच्या मार्डन हाउसमध्ये हलवताना आरोग्य प्राधिकरणाने ‘हे तुमचे आयुष्यभराचे घर’ असे वचन दिले होते. पुढे ते गृह बंद करायचे ठरले, तेव्हा १९९९ मध्ये अपील न्यायालयाने ते वचन मोडता येणार नाही असा निर्णय दिला. आम्हाला असे वचन कोणी दिलेले नव्हते. म्हणून न्यायालयाची वाट सोडून सभागृहाची वाट धरायची, असे ठरले.

कौन्सिलच्या कार्यकारी मंडळाची सभा खुली असते आणि आधी नाव नोंदवले तर नागरिकाला बोलता येते. मला तीन मिनिटे मिळाली. बहुतेक नातेवाईक माया, आपुलकी, दुसरे कुटुंब यांविषयी बोलले आणि ते सगळे खरे होते. पण नगरसेवकांच्या चेहऱ्यांवरून कळत होते की हे त्यांनी इतर सभांतही ऐकले आहे. मी एका रस्त्याविषयी बोलले. रात्री तीनच्या सुमारास यजमान पलंगाच्या डाव्या बाजूने उतरतात, भिंतीला हात लावून चालतात आणि अकराव्या पावलाला त्यांना पिवळे दार दिसते. ते दार कशाचे, हे विचाराल तर त्यांना सांगता येणार नाही. पावलांना मात्र ते ठाऊक आहे. नव्या खोलीत संलग्न न्हाणीघर असेल, ते तुम्हा-आम्हाला सोयीचे. पण त्याचे दार उजवीकडे आणि पांढऱ्या भिंतीत पांढरे असेल, तर त्यांच्या दृष्टीने त्या खोलीत संडासच नाही. मग त्यांचे कपडे ओले होतील, कोणीतरी नोंदवहीत ‘नियंत्रण गेले’ असे लिहील आणि त्या नोंदीवरून त्यांना अधिक देखरेखीच्या जागी हलवतील. आजार तेवढाच असेल, दार बदललेले असेल.

एका ज्येष्ठ नगरसेविकेने विचारले, “अकरा पावले, हे तुम्ही मोजलेत?” मी म्हटले, “गणिताच्या शिक्षकाची बायको आहे.” सभागृहात थोडे हसू उमटले.

त्या मंडळींना खलनायक ठरवणे मला जमत नाही. २०१० नंतर केंद्राकडून कौन्सिलांना मिळणारा निधी बराच आटला आणि तुटीचा अर्थसंकल्प मांडणे त्यांना कायद्याने निषिद्ध आहे. त्याच सभेत मुलांच्या संगोपनाचा खर्च आणि एका ग्रंथालयाचे वेळापत्रक हेही विषय होते. शिवाय स्थलांतर म्हणजे अनर्थच, असेही नाही. बर्मिंगहॅम कौन्सिलने आपली जुनी गृहे बंद केली, तेव्हा तेथील विद्यापीठाच्या अभ्यासकांनी रहिवाशांचा माग ठेवला. काम सावकाश आणि माणसागणिक नियोजन करून झाले, तेथे बहुतेकांची स्थिती होती तशी राहिली किंवा काहीशी सुधारली. हा अहवाल वाचल्यावर माझा विरोध कमी झाला असे नव्हे, पण मागणी बदलली. घर वाचत नसेल तर घाई तरी वाचवता येईल.

ठराव मंजूर झाला. मात्र त्याला अटी जोडल्या गेल्या. हिवाळ्यात कोणालाही हलवायचे नाही. एकत्र जेवायला बसणाऱ्यांना शक्य तेथे एकत्र पाठवायचे. आणि ओळखीच्या कर्मचाऱ्यांनी नव्या जागी पहिले काही दिवस सोबत राहायचे. शेवटची अट वाचून केरळच्या परिचारिकेने मला पेज दिली. मी त्या दिवशी सकाळपासून काही खाल्ले नव्हते, हे तिच्या लक्षात आले होते.

खरी लढत त्यानंतर, चार माणसांच्या बंद खोलीत झाली. आम्ही आर्थिक व्यवहारांचे मुखत्यारपत्र वेळेत केले होते. आरोग्य आणि निवासाविषयीचे पत्र येथे वेगळे असते, आणि ते होण्याआधीच आजार पुढे गेला. त्यामुळे यजमानांनी कोठे राहायचे, हे त्यांच्या ‘हिता’चा विचार करून कौन्सिल ठरवणार होती, मला विचारून, पण माझ्या सहीने नाही. (भारतातील वाचकांनी हे लक्षात ठेवावे की तेथील साधे मुखत्यारपत्र, देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की कायद्याने टिकत नाही आणि पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयात जावे लागते. आजाराच्या सुरुवातीलाच वकिलाचा सल्ला घ्यावा.) पर्याय दोन होते. एक नवे, चकाचक गृह १४ मैलांवर. दुसरे माझ्या घरापासून बसने वीस मिनिटांवर, पण आठवड्याला महाग. महाग जागा ही कुटुंबाची ‘आवड’ असेल तर वरचा फरक कुटुंबाने भरायचा, असा नियम आहे. ती रुग्णाची ‘गरज’ असेल आणि ठरलेल्या रकमेत ती भागवणारी दुसरी योग्य जागा नसेल, तर तो कौन्सिलने भरायचा. सगळा वाद या दोन शब्दांवर येऊन ठेपला.

मी माझ्या वहीसोबत परिचारिकेच्या नोंदी मागवून घेतल्या. ज्या दिवशी मी दुपारी जात असे, त्या दिवशी यजमान दुप्पट जेवत आणि संध्याकाळच्या फेऱ्या कमी होत, हे तिच्या अक्षरात लिहिलेले होते. दिवसभरात त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारे एकच माणूस होते, आणि त्या माणसाला मोटार चालवता येत नव्हती. जुना अहवालही उघडला गेला; त्यातील ‘हिच्याजवळ’ हा शब्द समाजसेविकेने स्वतःच वाचून दाखवला. दोन आठवड्यांनी उत्तर आले. जवळचे गृह, आणि वरचा फरक कौन्सिल भरेल.

मे महिन्यात आम्ही हललो. त्यांची खुर्ची, पितळी तांब्या आणि घाटाचे छायाचित्र आदल्या दिवशीच नव्या खोलीत नेऊन ठेवले आणि पलंग भिंतीशी असा लावला की डावीकडूनच उतरता यावे. पहिले दहा दिवस वाईट गेले. ते रात्री कोणाला तरी ‘शाळा सुटली का’ असे विचारत राहिले, दोन वेळा पडले, एकदा कपाळाला टाके पडले. अकराव्या दिवसापासून झोप लागू लागली. जुन्या गृहातील आणखी दोघे त्यांच्याच टेबलाशी बसतात. एकमेकांची नावे कोणालाच येत नाहीत, पण तिसरा येईपर्यंत पहिले दोघे जेवायला हात लावत नाहीत.

सहा आठवड्यांनी काळजीच्या आराखड्याचा फेरविचार झाला. त्यात आता असे लिहिले आहे : हाताने जेवतात, चमचा देऊ नये. ‘पाणी’, ‘पंचा’ आणि ‘नको’ या शब्दांचे अर्थ खोलीत दाराशी लावले आहेत. न्हाणीघराचे दार व्यवस्थापकांनी पिवळे करून घेतले. रंग जरा फिका लागला होता, तेव्हा येत्या सोमवारी त्यावर दुसरा हात मारायचा आहे.